लिहायचं नाही म्हणालीस, वैजू

वैजू, तू गेल्यावर निदान माझी धाकधूक तरी संपेल, असं मला वाटलं होतं. हे मी कुणाशी बोलले नाही, तुझ्याशीच बोलते. इतकी वर्षं तू फोन उचलला नाहीस की मी परत परत लावत राहायचे. आता काही व्हायचं राहिलेलं नाही. तुझ्या भावाने सगळं रीतसर केलं, मांडव टाकणाऱ्याने खुर्च्या परत नेल्या. तरी परवा हिंजवडीच्या बसमध्ये शेजारची मुलगी झोपली होती, तिचा फोन वाजत राहिला, आणि मी घामाने भिजले. तू गेलीस हे माझ्या भीतीला कुणी कळवलेलं दिसत नाही.

आपली ओळख त्याच हिंजवडीतली. मी वर्ध्याहून होमिओपॅथीची पदवी घेऊन आलेली, दवाखाना टाकणं जमण्यासारखं नव्हतं म्हणून मेडिकल कोडिंगला लागलेली. तू आमची ट्रेनर. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल जे लिहिलं असेल तो चार्ट वाचायचा, आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक सल्ल्याला ठरलेला कोड लावायचा. त्या कोडवरून तिकडची विमा कंपनी बिल भरते. पहिल्याच आठवड्यात एका चार्टवर मी तुला हाक मारली.

"मॅडम, हा तर रोज पिऊन राहिला. व्यसनाचा कोड लावू ना?"

तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. "डॉक्टरांनी व्यसन असा शब्द लिहिलाय?"

"नाही. पण दिसतंच आहे."

"समोर बसलेल्या डॉक्टरला दिसलं नाही आणि तुम्हाला हिंजवडीतून दिसलं. कमाल आहे. लिहिलंय तेवढंच लावायचं. आणि पिऊन राहिला नाही, पितो."

सगळी खोली हसली. मला राग आला होता, पण दुपारी कँटीनमध्ये तूच माझ्यासमोर ताट घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "वर्ध्यात भाजीत इतकं तिखट घालतात ते खरं का?" त्या दिवसापासून तू वैजयंती मॅडमची वैजू झालीस. मी मात्र पुढं कितीही शुद्ध बोलले तरी तुझ्या लेखी वऱ्हाडीच राहिले.

वर्षभराने आपल्या टीमकडे मानसोपचाराचे चार्ट आले. त्यात दारू सोडण्यासाठी समुपदेशन घेणाऱ्यांचेच सगळ्यात जास्त. तू आम्हाला शिकवलंस, की समुपदेशनाचा कोड एकटा लावायचा नसतो, सोबत दारूचं निदान लागतं. नुसता गैरवापर आहे, की माणूस तिच्यावर अवलंबून झालाय, की सोडली आहे, हे वेगवेगळं लिहावं लागतं. आणि सोडली तरी तो दारूच्या कोडचा एफ-टेन गट सुटत नाही, पुढे फक्त 'आता घेत नाही' अशा अर्थाचा आकडा येतो. हे सांगताना तू फळ्याकडे तोंड करून उभी होतीस. एरवी प्रत्येक वाक्याला एखादी टोचणी लावणारी तू, त्या तासाला एकदाही चेष्टा केली नाहीस.

मला ते तेव्हा कळलं नाही. तू स्वतः सांगितलंस तेव्हा कळलं. बिबवेवाडीतल्या तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत रविवारी दुपारी आपण शेंगा निवडत होतो. इरा, तुझी मुलगी, तेव्हा आठवीत होती, ती खाली खेळायला गेली होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते. तू त्यांच्याकडे बघत म्हणालीस, "रजनी, मी पिते. रोज पिते. सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत."

मी शेंग हातात धरून बसले.

"असं दचकू नकोस. आपण वाचतो ना रोज, तसंच आहे सगळं. परक्याच्या चार्टमध्ये स्वतःचं वर्णन वाचलंय मी. आपल्याकडे एखादा नीट लिहिलेला चार्ट येतो ना, तसं. एकही लक्षण सुटलेलं नाही."

"मग डॉक्टरकडे चल. मी येते."

"जाईन आणि तो लिहील."

"लिहू दे."

"आणि इराचे बाबा तो कागद कोर्टात ठेवतील. मग?"

घटस्फोट होऊन गेला होता, पण इरा कुणाकडे राहणार याचा दावा चालू होता. तुझी भीती खोटी नव्हती. एकदा लिहिलेलं निदान कसं माणसाच्या मागे मागे जातं, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, ते आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? मी म्हणाले, तिकडचं वेगळं, आपल्याकडे कोण एवढं बघतं. तू म्हणालीस, "ज्याला बघायचं असतं तो बघतो." पुढची कितीतरी वर्षं आपण तेच भांडण भांडत राहिलो. तू म्हणायचीस लिहायचं नाही, मी म्हणायचे लिहिल्याशिवाय उपचार नाही.

मग त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत इरा तिच्या बाबांकडे गेली आणि तू ठरवलंस की घरातच, एकटीने, एकदम बंद करायचं. मला फोनवर सांगितलंस. मी हात जोडले. अचानक बंद केली तर काय होऊ शकतं हे आपण दोघींनी शेकडो चार्टमध्ये वाचलं होतं. फिट येते, भास होतात, माणूस जातोही.

"मला माहितीये," तू म्हणालीस. "मीच शिकवलंय तुला."

तिसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन लागेना. मी कामावर होते. टीम लीडला डोकं दुखतंय असं सांगून बाहेर पडले. वाकडच्या चौकात गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि मी मिळाली त्या बसची दांडी धरून उभी राहून देवाला नव्हे, तुला शिव्या घालत होते. स्वारगेटला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "ताई, इतकी घाई असेल तर अँब्युलन्स बोलवायची." तो चिडून बोलला होता, पण तोवर ते मला सुचलंच नव्हतं.

तुझं दार आतून बंद होतं. मी बेल दाबली, दार बडवलं. आतून तुझा आवाज येत होता, पण तू माझ्याशी बोलत नव्हतीस. तू कुणाला तरी सांगत होतीस, की गादीवरच्या मुंग्या झटका, इरा झोपायची आहे. इरा घरात नव्हती. त्या आवाजाने मी जितकी घाबरले तितकी त्याआधी कधी घाबरले नव्हते. तू ओरडत असतीस तर बरं वाटलं असतं. तू अगदी शांतपणे, रोजच्यासारखी बोलत होतीस.

"दार उघड ना बाई, काय करून राहिली तू," मी रडत म्हणत होते. शेजारचे सोनावणे काका बाहेर आले. त्यांनी एक शब्द विचारला नाही. आपल्या घरातून पहार आणून कडी तोडली.

तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होतीस, घामाने ओली. मला ओळखलंस. माझं मनगट पकडलंस, इतकं की पुढचे काही दिवस वळ होते. "रजनी, सांगू नकोस. इराची शपथ आहे." एवढं बोललीस आणि तुझे डोळे फिरले. फिट येते म्हणजे काय, हे मी नुसतं वाचलेलं होतं. तुझं डोकं फरशीवर आपटत होतं आणि मी त्याखाली माझा हात घालून बसले होते.

हॉस्पिटलमध्ये तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी भराभर विचारलं. आधी फिट आली होती का, ताप, डोक्याला मार, साखर? मी नाही नाही म्हणत गेले. मग त्यांनी विचारलं, "दारू वगैरे?" आणि स्वतःच पुढच्या प्रश्नाकडे निघाले. चांगल्या घरातली बाई, ट्रेनर, चष्मा. त्यांनी तो प्रश्न विचारायचा म्हणून विचारला होता.

वैजू, त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. मनगटावर तुझी बोटं अजून जाणवत होती. मला इराचा चेहरा दिसत होता. आणि मला हेही दिसत होतं, की मी बोलले तर तू मला कधी माफ करणार नाहीस.

"हो," मी म्हणाले. "रोज घेते. बऱ्याच वर्षांपासून. परवा एकदम बंद केली."

डॉक्टर थांबले. "नक्की?"

"नक्की. लिहा."

त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि औषध बदललं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरं झालं बोललात. नाहीतर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो."

तू वाचलीस. आणि शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे पाठ फिरवून झोपलीस. पुढं ऑफिसात फक्त कामापुरतं बोलायचीस, तेही अहो-जाहो करून. "रजनीताई, आपला चार्ट तपासून झाला असेल तर पाठवता का?" पुण्याच्या माणसाने आदराने बोलायला लागावं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

हॉस्पिटलनेच तुला स्वारगेटजवळच्या नसीम मॅडमकडे पाठवलं. नसीम शेख, समुपदेशक, घराच्याच पुढच्या खोलीत बसतात, बोलताना समोर बडीशेपची वाटी ठेवतात. त्यांनी तुला पहिल्या काही भेटींतच सांगितलं, की कोर्टात दुसऱ्याने सांगायच्या आधी तुम्हीच सांगा. तू किती दिवस झोपली नाहीस ते मला नंतर कळलं. मग तू उभी राहिलीस आणि कोर्टात न्यायाधीश बाईंना स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, की मी पीत होते, सोडली आहे, उपचार चालू आहेत.

आणि ज्याची तुला भीती होती तेच झालं. इरा तिच्या बाबांकडे गेली. जवळजवळ वर्षभर तू तिला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी भेटत होतीस.

त्या वर्षात एकदा नसीम मॅडमनी घरच्या कुणाला तरी घेऊन या म्हणून सांगितलं. तुझ्या भावाने जमणार नाही कळवलं. तू माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिलीस. बऱ्याच महिन्यांनी अहो-जाहो सोडून म्हणालीस, "शनिवारी मोकळी आहेस? व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या समुपदेशनाला वेगळा कोड आहे, आठवतोय ना? तुला लावून घेऊ."

त्या शनिवारी नसीम मॅडमसमोर आपण पुन्हा भांडलो. तू म्हणालीस, "हिने सांगितलं म्हणून माझी पोरगी गेली." मी म्हणाले, "मी सांगितलं म्हणून पोरीला आई आहे." नसीम मॅडमनी दोघींपुढे बडीशेप सरकवली आणि म्हणाल्या, "दोन्ही खरं आहे. आता?" तू मला कधी बरोबर केलंस असं म्हणाली नाहीस, आणि मी कधी चुकले असं म्हणाले नाही. आत्ताही म्हणत नाही. फक्त इराच्या त्या वर्षाबद्दल मला वाईट वाटतं, तेही तुला कधी सांगितलं नाही, कारण ते ऐकून तू जिंकल्यासारखी हसली असतीस.

पण निघताना जिन्यात तू माझ्या हातात तुझ्या घराची किल्ली ठेवलीस. "नवीन कडीला चिकार खर्च आला," म्हणालीस. "पुढच्या वेळी तोडू नका."

इरा दहावीत परत आली. न्यायाधीशांनी तिला विचारलं होतं, तिने आई म्हणून सांगितलं. तू पुन्हा प्यायली नाहीस. लोकांना वाटतं, सोडली की संपलं. तसं नसतं. तुझ्या सुटीच्या दिवसांची मला भीती वाटायची. ऑफिसच्या पार्ट्यांची, तुझ्या वाढदिवसाची, तू जास्त आनंदात असलीस तर त्याचीही. कँटीनमध्ये मी तुझ्या हातांकडे बघत असायचे. एकदा तू चमचा खाली ठेवून दोन्ही पंजे माझ्यासमोर धरलेस. "बघ. स्थिर आहेत. आता जेव."

तुलाही भीती वाटायची, हे तू एकदाच बोललीस. चतुःशृंगीच्या जत्रेत, इरा पाळण्यात बसली होती, आपण खाली उभ्या होतो. तू वर बघत म्हणालीस, "रजनी, रोज सकाळी उठते तेव्हा पहिल्यांदा वाटतं, आज घेईन. दात घासेपर्यंत जातं ते. पण येतं." मी तुझा हात धरला. तू तो सोडवून घेतलास, पण लगेच नाही.

सोडली तोवर लिव्हरचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. गेल्या वर्षी पोट फुगायला लागलं, पाय सुजले. तू साड्या सोडून सैल कुर्ते घालायला लागलीस आणि 'जाड झालेय' म्हणून सांगत राहिलीस. मग एका सकाळी इराचा फोन आला. "मावशी, आईला रक्ताची उलटी झालीये." ती रडत नव्हती. अगदी तुझ्या आवाजात बोलत होती, शांत. मला पुन्हा त्या बंद दाराबाहेर उभी असल्यासारखं वाटलं.

आयसीयूत तू मला जवळ बोलावलंस. ओठ सुकले होते. "काय लिहिलंय त्यांनी?" विचारलंस.

मी सांगितलं, दारूमुळे झालेला सिरोसिस.

"बरोबर आहे," तू म्हणालीस. मग डोळे मिटूनच म्हणालीस, "सोडल्याचं लिहिलंय का?"

मी हो म्हणाले. खरं तर मी पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन मी डॉक्टरांना गाठलं आणि तेवढी ओळ लिहायला लावली. त्यांना वाटलं असेल, कोण ही बाई, कशाला हट्ट करतेय. पण तुझ्याशी खोटं बोलले असं मला राहू द्यायचं नव्हतं.

त्यानंतर तू बोलली नाहीस.

भेटायला आलेल्या लोकांना तुझा भाऊ सांगत होता, कावीळ झाली, लक्षात यायला उशीर झाला. तो वाईट माणूस नाही. त्याला इराच्या लग्नाची काळजी, लोकांची काळजी. मीही मान हलवत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "कावीळ इतकी कशी वाढली हो?" तेव्हा इरा चहाचे कप घेऊन उभी होती.

"कावीळ नव्हती," ती म्हणाली. "आई दारू प्यायची. त्याने लिव्हर गेलं. मी नववीत जायच्या आधी सोडली तिने, परत घेतली नाही. चहा घ्या."

तुझा भाऊ उठून बाल्कनीत गेला. मी इराकडे बघत राहिले आणि मला अभिमान वाटायला हवा होता, वाटलाही, पण त्याच्याआधी भीती वाटली. आता हिला कोण काय म्हणेल, हिच्या मागे काय काय लागेल. म्हणजे तुझ्या बाजूने बोलत होते मी, मनात का होईना. इतकी वर्षं भांडून शेवटी तुझंच म्हणणं माझ्या तोंडी आलं, आणि ते ऐकायला तू नाहीस.

इरा आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांकडे जायला नको म्हणते, तुझ्याच घरात राहते. शनिवार-रविवार मी तिच्याकडे असते. गेल्या रविवारी आम्ही तुझे कपडे आवरत होतो. ती घड्या घालता घालता खाली बघत म्हणाली, "मावशी, एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"बोल."

"कॉलेजच्या मुलांबरोबर लोणावळ्याला गेले होते ना, तेव्हा मी बिअर प्यायले. आई तेव्हा घरी होती, बरी होती. तिला सांगितलं नाही."

"बरं."

"बाकीच्या मुलींना कडू लागली. मला आवडली." ती तुझा निळा कुर्ता दोन्ही हातांत धरून बसली होती. "खूप आवडली, मावशी. घरी आल्यावर आठवत राहिली. मला त्याचीच भीती वाटतेय."

वैजू, बिबवेवाडीच्या त्या दारापासून ते आयसीयूपर्यंत मी जेवढी घाबरले होते, ते सगळं एकदम परत आलं. तिला जवळ घ्यावं, ओरडावं, मित्रांची नावं विचारावीत, खोलीत कोंडून ठेवावं, सगळं एकाच वेळी वाटलं. तू असतीस तर काहीतरी खवचट बोलून ती खोली सावरली असतीस. मला जमत नाही ते. मी तिच्या हातातला कुर्ता घेऊन त्याची घडी घातली. मग तीच म्हणाली, "नसीम मॅडम अजून बसतात का?"

"बसतात."

"मला काही झालेलं नाहीये. पण गेलं तर चालेल ना?"

"चालेल."

काल आम्ही गेलो. बाहेरच्या बाकावर आमच्याआधी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इराचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. तिने तो पुन्हा ओढून गुडघ्यावर ठेवला.

नसीम मॅडम दारात आल्या. त्यांनी इराला ओळखलं. तुझं नाव काढलं. मग विचारलं, "आत एकटी येतेस, की दोघी येताय?"

इराने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं ती उठून रस्त्याकडे निघेल, आणि मी तिला अडवणार नाही हेही मला कळलं.

"आधी एकटी," ती म्हणाली. "मग मावशी."

आणि ती आत गेली.